पाटल्यांची स्कूटर

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरली चौक्याजवळच्या माहेरच्या गावातच दिली, धाकटी कट्ट्याच्या बाजूला. दोघीही बचत गटात आहोत, फक्त गट वेगळे. "तुमच्या आजोबांच्या स्कूटरीची गोष्ट रेडिओवर सांगा," असं गटातल्या बायांनीच सुचवलं. कारण गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा या गाडीचीच झाली. कुणी विचारतं विकणार का, कुणी विचारतं अजून चालते कशी. आणि काही जणी हळू आवाजात विचारतात, "आमच्या घरात पण सासऱ्यांच्या नावावर गाडी आहे, ते गेले, आता काय करायचं?" हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी आम्ही आज मुख्यत्वे बोलतोय. पण आधी गाडीचं ऐका, नाहीतर कागदाचं कळणार नाही.

गाडी म्हणजे बजाज चेतक, १९९१ सालची, निळ्या रंगाची. आमचे आजोबा मुंबईला गिरणीत होते. इथल्या घराघरातला एक तरी माणूस तेव्हा लालबाग-परळला असायचा, तसेच तेही. चेतक स्कूटर निघाली १९७२ साली. आजोबा सांगायचे, त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, आणि ज्याचा नंबर लागायचा तो कधी कधी वर 'ऑन' घेऊन दुसऱ्याला विकून टाकायचा. आजोबांनी नंबर लावलाच नाही. गिरणी कामगाराच्या पगारात आधी गावची मनिऑर्डर. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा तो संप तुमच्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते, आणि कित्येकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. आजोबा वर्षभर थांबले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन गावी परत आले.

गावात आल्यावर आजीचा धंदा होता त्यालाच त्यांनी हात लावला. आजी सोलं, आगळ, कुळथाचं पीठ, मसाला करायची. आजोबा ते डोक्यावर आणि एसटीने बाजाराला न्यायचे. एसटीवाला बोचकी बघून कधी घ्यायचा, कधी नाही. आगळाची बाटली फुटली की सगळ्या प्रवाशांचे कपडे लाल. अशी आठ वर्षं काढल्यावर एक दिवस आजीने हातातल्या दोन पाटल्या काढल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. लग्नातल्या, तिच्या वडिलांनी घातलेल्या, चार तोळ्यांच्या. त्या मोडल्या, वर थोडी साठवण घातली आणि स्कूटर आली. नंबर एमएच ०७, आपल्या सिंधुदुर्गचा. आजचा सोन्याचा भाव लावून त्या पाटल्यांचा हिशेब करू नका, आमच्या आईने एकदा केला होता आणि दोन दिवस ती कुणाशी नीट बोलली नव्हती.

कागदावर नाव लागलं आजोबांचं. तेव्हा कुणाच्या मनातही दुसरं काही आलं नाही. आजीच्याही नाही.

आमचं बालपण त्या स्कूटरीवर गेलं. पुढे हँडलजवळ धाकटी उभी, मागे आजी एका बाजूला पाय सोडून, दोघांच्या मध्ये थोरली, आणि पाय ठेवायच्या जागेत आगळाची क्रेट. आज हे असं चौघांनी बसणं सांगायला नको, पण तेव्हा सगळं गाव असंच बसायचं. धामापूरच्या तळ्यावरून कुडाळला जाताना आजोबा उताराला इंजिन बंद करायचे, पेट्रोल वाचायला. ते मात्र तुम्ही कुणी करू नका.

थोरली बारावीत असताना आजोबांनी तिला खळ्यात गाडी शिकवली. ज्यांनी चेतक चालवली नाही त्यांना सांगतो, हिचे गिअर डाव्या हातात असतात. क्लच दाबायचा आणि ती अख्खी मूठच फिरवायची. इंजिन मध्यभागी नसतं, उजव्या बाजूला असतं, त्यामुळे गाडी सारखी एका अंगाला झुकते असं वाटतं. सुरू नाही झाली तर गाडी इंजिनच्या बाजूला जरा कलती करायची आणि मग किक मारायची. हे बघून गावातले पोरगे हसायचे. आजोबा त्यांच्याकडे न बघता थोरलीला सांगायचे, "मनगट घट्ट, नजर लांब." दोन महिन्यांत ती आजीला घेऊन बाजारात जायला लागली. धाकटी तिच्यानंतर शिकली.

आजोबा २०२२ च्या पावसाळ्यात गेले, त्र्याऐंशी वर्षांचे होऊन. आदल्या वर्षी, २०२१ ला, गाडीची नोंदणी संपत होती. गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं असते, मग दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे आमच्या गाडीची २००६, २०११, २०१६, २०२१ अशी. कोरोनाच्या त्या गडबडीतही ते तोंडाला रुमाल बांधून ओरोसला गेले, गाडी दाखवली आणि पाच वर्षं वाढवून आणली. तेव्हा फी तीनशे रुपये होती. पुढे एप्रिल २०२२ पासून ती हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. आता २०२६ ची पाळी आमची आहे आणि त्याचे पैसे आम्ही आतापासून डब्यात टाकतोय.

आजोबा गेल्यावर गाडी मांगरात उभी राहिली. आपल्या किनाऱ्याची खारी हवा पत्र्याला काय करते ते आपण जाणतोच. गणपतीत काका मुंबईहून आले. आरती झाली, मोदक झाले आणि विषय निघाला. काकांच्या मुलाला गाडी हवी होती. तो म्हणाला, हल्ली जुन्या चेतकला शहरात फार मागणी आहे, मी ती रंगवून घेईन, 'व्हिंटेज' करीन. त्यात त्याचं चुकलं असं नाही, आजोबांवर त्याचाही जीव होता. फक्त व्हिंटेजचा नियम त्याला नीट माहीत नव्हता. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांची गाडी व्हिंटेज होते. आमची होईल २०४१ ला. आणि एकदा व्हिंटेज म्हणून नोंद झाली की ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शनाला वगैरे फक्त. म्हणजे बाजारात आगळ न्यायला तिचा उपयोग शून्य.

बाबांचं म्हणणं, पंधरा वर्षांवरची गाडी सरकार भंगारात काढतं, मग कशाला भांडता, भंगारवाल्याला देऊन टाका. हा गैरसमज गावोगाव आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. वयावरून खासगी गाडी रस्त्यावरून काढायची सक्ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातली. आपल्याकडे घरची गाडी तपासणीत पास झाली तर नोंदणी वाढवून मिळते. पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवायची नाही असं जे एप्रिल २०२३ पासून लागू झालं ते सरकारच्या स्वतःच्या गाड्यांसाठी. तेव्हा भंगारवाला दारात येऊन कायदा सांगायला लागला तर त्याला चहा द्या आणि पाठवून द्या.

काका एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही दोघी दाराच्या चौकटीत. आम्हाला गाडी हवी होती, पण मागायची कशी? आपल्या किनाऱ्यावर होडी कुणाकडे जाते, बागायत कुणाकडे जाते, आपण बघतोच. लग्न झालेल्या नातींनी आजोबांची गाडी मागायची म्हणजे चार माणसांत डोळे वर व्हायचे. तेवढ्यात आजी आतून आली. वय तिचं अठ्ठ्याहत्तर तेव्हा. म्हणाली, "माका कोणी इचारल्यान काय? गाडी तुमच्या आज्यान चलवल्यान, पण पाटल्यो माझ्यो होत्यो."

कुणाला काही बोलता येईना. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, चावी या दोघींकडे राहणार, कारण मला बाजारात नेणार कोण, मुंबईचा नातू की या? एवढं बोलून आत गेली. आम्हाला वाटलं झालं, मिळाली गाडी.

पण चावी मिळणं आणि गाडी मिळणं यात केवढं अंतर असतं ते आम्हाला पुढच्या वर्षभरात समजलं. थोरली एकदा मालवणच्या नाक्यावर अडवली गेली. गाडी कुणाची? आजोबांची. ते कुठे आहेत? वारले. कधी? पुढचं विचारू नका. विमाही आजोबांच्याच नावाचा होता आणि तोही संपलेला. आमचीच चूक. नशीब की काही अपघात झाला नव्हता. तसा झाला असता तर समोरच्याची भरपाई आमच्या घरावर आली असती.

तर नियम असा आहे. गाडीचा मालक वारला की ती गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, की मालक वारले आणि गाडी मी वापरणार आहे. तीन महिने गाडी तशीच चालवता येते. त्या तीन महिन्यांच्या आत नाव बदलायचा अर्ज करायचा, नमुना ३१ मध्ये. विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे नमुने असतात ते इथे नाहीत, ते चुकून भरू नका. सोबत मृत्यूचा दाखला, गाडीचं नोंदणी पुस्तक किंवा कार्ड, चालू विमा, पीयूसी, ज्याच्या नावावर करायची त्याचं आधार आणि फोटो. आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं शपथपत्र. आमच्याकडे शपथपत्रावर काम झालं. तुमच्याकडे आणखी काय मागतात ते आधी खिडकीवर विचारून घ्या, म्हणजे दोन खेपा वाचतील. उशीर झाला म्हणून काम अडत नाही, दंड भरावा लागतो. आम्ही भरला.

आम्ही एका एजंटाला पैसे दिले होते हेही सांगून टाकतो. त्याचं नाव घेत नाही. तीन महिने "साहेब रजेवर आहेत" ऐकलं, मग त्याचा फोन लागेना. शेवटी आम्ही स्वतः गेलो. चेसिस नंबरचा ठसा लागतो, तोसुद्धा आम्हीच काढला: पत्र्यावरचा गंज घासला, खोबरेल लावून पुसलं, वर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि नंबर उमटला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. एवढ्याच कामाचे एजंट पैसे घेतो.

आता वारस कोण, हा प्रश्न. आजोबांनी स्वतः मिळवलेली वस्तू, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी बायको, मुलगे आणि मुली सगळ्यांचा हक्क सारखा. म्हणजे आजी, काका, बाबा आणि आत्या, चौघांचा चार आणे. आम्ही नाती, आमचा बाप हयात आहे, म्हणून आमचा थेट हक्क काहीच नाही. हे ऐकून धाकटीचं तोंड उतरलं होतं.

आत्या देवगडच्या बाजूला दिलेली आहे. तिच्याकडे शपथपत्र घेऊन आम्ही दोघी गेलो. बसवलं, चहा दिला, कागद पूर्ण वाचून दाखवला, आणि विचारलं, "आत्ये, तुझी काही हरकत आहे का?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आजपर्यंत सही कर म्हणान सांगल्यात, पयल्यांदा इचारल्यात." जमिनीच्या वेळी तिचं हक्कसोडपत्र झालं होतं. गणपतीला माहेरी आलेली असताना, हातात पोळ्यांचं पीठ, "इथे अंगठ्याच्या जागी सही कर" एवढंच सांगून. तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. स्कूटरीची सही तिने केली, पण त्याआधी गाडीला बसून घाटीपर्यंत एक फेरी मारून आणा म्हणाली. आम्ही मारून आणली.

सगळे कागद जमले आणि अर्जात नाव लिहायची वेळ आली. आम्ही धरून चाललो होतो की थोरलीचं नाव लागेल. तेव्हा आजी जुनं नोंदणी पुस्तक घेऊन आली, आमच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "ह्याच्यात माझा नाव खय आसा ता दाखय."

नव्हतंच कुठे. तीस वर्षांत त्या घरातल्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं, रेशनकार्ड सोडून. आम्हाला लाज वाटली. पाटल्यांची गोष्ट आम्ही दोघी लहानपणापासून कौतुकाने सांगत आलो, आणि नाव लावायची वेळ आली तेव्हा तिचं नाव डोक्यातच आलं नाही.

काका म्हणाले, आईला लायसन्स नाही, तिच्या नावावर कशी होईल? तर मैत्रिणींनो, गाडी चालवायला लायसन्स लागतं, गाडीची मालकीण व्हायला लागत नाही. ज्या बायांना गाडी येत नाही त्यांच्याही नावावर गाडी होते. आणि २०२१ पासून आणखी एक सोय आहे: नोंदणी कार्डावर मालकाला आपला वारस नेमता येतो, बँकेच्या खात्याला नॉमिनी लावतो तसा. पुढे मालकाचं काही झालं तर त्या माणसाचं काम सोपं होतं. आजीने थोरलीचं नाव दिलं. धाकटी थोडी रुसली. तेव्हा आजीने तिला गाडीची दुसरी चावी दिली, आजोबांच्या कमरेच्या करगोट्याला असायची ती.

अशी ही गाडी आमच्याकडे आली आहे आणि आलेलीही नाही. मालकीण आजी आहे. नवं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा तिने ते देवासमोर ठेवलं, मग कुंकवाच्या पेटीत. पोलिसांनी अडवलं तर दाखवायला आम्हाला मोबाइलमधलं दाखवावं लागतं, कारण पेटीतून ती काढू देत नाही.

ज्यांना अशी जुनी चेतक घरात मिळेल त्यांच्यासाठी चार गोष्टी, आमच्या पैशाने शिकलेल्या. लायसन्स बघा. पुष्कळ मुलींकडे विनागिअरचं असतं, बिनगिअरच्या स्कूटरीपुरतं. चेतकला गिअर आहेत, त्यासाठी गिअरसह मोटारसायकलचा वर्ग वाढवून घ्यावा लागतो, चाचणी देऊन. धाकटीने तो गेल्या दिवाळीच्या आधी घेतला. दुसरं, जुनी चेतक टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, आमचा मेस्त्री लिटरला वीस मिली सांगतो. हे एकदा धाकटी विसरली आणि धामापूरच्या चढावर पिस्टन जाम झाला. क्रेटमध्ये गटाचा तीस बाटल्या आगळ होता. टेम्पोतून गाडी कुडाळला नेली, बोअर करून घेतला, आणि त्या महिन्याचा नफा तिथेच गेला. गटाच्या बैठकीत हे कबूल करताना फार जड गेलं होतं. आता ऑइलची बाटली आणि माप डिकीतच असतं. तिसरं, आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, रबराची नळीही मेस्त्रीला बघायला सांगा. चौथं म्हणजे गंज. जूनच्या आधी खालच्या पत्र्याला ऑइल मारून घ्यायचं, आणि समुद्रकाठून फिरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं. तारकर्लीला माल देऊन आलो की आम्ही आधी गाडी धुतो, मग आम्ही जेवतो. सुट्या भागांची काळजी नको. ही गाडी बनायची बंद झाली, पण इतक्या घरांत होती की भाग अजून मिळतात, इथे नाहीतर कोल्हापुरात. चेतक नावाची नवी गाडी २०२० पासून बाजारात आहे, विजेवर चालणारी. काकांच्या मुलाने तीच घेतली. गणपतीला घेऊन आला होता. आजीने तिच्यावर बसून बघितलं आणि उतरल्यावर विचारलं, "ही आवाज कित्याक करीना?"

आता दर आठवड्याला बाजाराला तीन जणांचा माल या स्कूटरीवर जातो: थोरलीच्या गटाचा, धाकटीच्या गटाचा, आणि आजीची म्हणून वेगळी बांधलेली पाच किलो सोलं. तिचे पैसे तिला वेगळे द्यावे लागतात, पेट्रोलाचा वाटाही ती मोजून देते. महिन्यातून एकदा ती स्वतः येते, मागे बसून, साडीगार्डवर पाय टाकून. हेल्मेट घालायला पहिल्यांदा तयार नव्हती, अंबाडा बसत नाही म्हणून. मग अंबाडा खाली बांधायला लागली. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की आमच्या पाठीत बोट टोचते, थांबायची खूण. आणि समोरच्या बाईला सांगते की गाडी माझी आहे, या दोघी चालवायला ठेवल्यात.

उद्या बाजार आहे, प्लग साफ करायचा राहिलाय. येतो आम्ही. नमस्कार.